आत्याची कपबशी

इंदूरच्या आमच्या वाड्यात आत्याची कपबशी वेगळी असे. तिला क्षय होता. आम्ही मुलं तिच्याशी लांबूनच बोलायचो.

परवा मायक्रोबायॉलॉजी शिकणारी नात सांगत होती, "आजोबा, फुप्फुसाच्या पेशी डिशमध्ये वाढवून त्यांवर क्षयाचे जंतू सोडतात. काही तासांनी धुऊन अमिकासिन घालतात. ते पेशीत फारसं शिरत नाही, बाहेरचेच जंतू मारतं. मग पेशी फोडून आतले जंतू वाढवायचे आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांच्या वसाहती मोजायच्या."

म्हटलं, "म्हणजे आमच्या बँकेसारखा हिशेबच की! सोडले किती, आत गेले किती."

ती हसली. मला मात्र आत्या आठवली. क्षय हवेतून पसरतो, कपबशीतून नाही. इतकी वर्षं आम्ही चुकीचंच खातं सांभाळलं. तुमच्याकडेही होती का हो अशी वेगळी कपबशी?