पाच किलोंची पिशवी

गडमुडशिंगीतल्या ज्या किराणा दुकानातून आमच्या घरी महिन्याचे सामान येते, त्या दुकानाच्या काट्यावर एका रविवारी सकाळी आम्ही आमची टेलिफोटो लेन्स ठेवली. काटा २ किलो ३०० ग्रॅमवर थांबला. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी 'काय दरानं दिली?' अशी चौकशी केली. आम्ही दर सांगितला नाही. मग कॅमेरा ठेवला. तो ८६० ग्रॅम भरला. दुकानदाराने सवयीने चिठ्ठीवर बेरीज करून दिली, ३ किलो १६० ग्रॅम, आणि 'आणखी काही?' असे विचारले. आणखी पुष्कळच होते. त्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आमच्या पुढच्या चार महिन्यांचा शोध लिहिला गेला.

हे वजन करण्याची वेळ का आली ते सांगायला हवे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वेतनाच्या फरकाची रक्कम हाती आली तेव्हा पुष्कळ विचारविनिमय करून, आणि काही नातेवाइकांची नाराजी पत्करून, आम्ही निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स घेतली. विद्यार्थी तिला 'तोफ' म्हणतात. रविवारी पहाटे ती तोफ घेऊन उजळाईवाडीच्या माळाकडे किंवा शिवारातल्या बांधांवरून हिंडायचे, वेडे राघू, माळटिटव्या, तारेवर बसलेली कापशी घार टिपायची, आणि आठ वाजता घरी येऊन पोहे खायचे, असा आमचा क्रम होता. दोघांत लेन्स एकच, त्यामुळे एका रविवारी एकाने टिपायचे आणि दुसऱ्याने वही लिहायची. लग्नाला अठरा वर्षे झालेल्या दोन प्राध्यापकांना आठवड्यातून दोन तास परीक्षेच्या कामाविषयी न बोलता एकत्र काढता येतात, ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाच्या कमरेतली चकती सरकली. कोणाच्या, ते या लेखात सांगायचे नाही असे आमच्यात ठरले आहे. सहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर डॉक्टरांनी हिंडण्याची परवानगी दिली, पण तीन अटींवर: एका खांद्यावर काहीही अडकवायचे नाही, पाठीवर पाच किलोंपेक्षा अधिक घ्यायचे नाही, आणि कमरेत वाकून काही उचलायचे नाही. पाच किलोंतून ३ किलो १६० ग्रॅम वजा जाता उरले १ किलो ८४० ग्रॅम. एवढ्यात पिशवी बसवायची होती, पाणी बसवायचे होते आणि जमल्यास वही.

तोवर आमच्याकडे जी पिशवी होती ती छायाचित्रकारांसाठी म्हणून बनवलेली, काळी, जाड गाद्यांची, आत वेल्क्रोने हलवता येणाऱ्या भिंतींची होती. रिकामी पिशवीच पावणेतीन किलो भरली! भिंगाला जपण्यासाठी बनवलेल्या वस्तूने भिंगापेक्षा जड असावे, हे आम्ही इतकी वर्षे पाठीवर वाहून नेत होतो आणि ते आमच्या ध्यानातही आले नव्हते. तिचा दुसरा दोष मात्र पूर्वीच ध्यानात आला होता. आमचे गाव कोल्हापूरच्या विमानतळाला लागून आहे. हा विमानतळ १९३९ सालचा, संस्थानी काळातला. अलीकडे त्याचा विस्तार झाला आणि त्यासाठी गावाच्या शिवारातली जमीन संपादित झाली. अशा गावात काळी पेटीसारखी पिशवी पाठीवर, तिवई हातात अशा वेशात बांधावरून चालणारी दोन शिकलेली माणसे लोकांना पक्षिनिरीक्षक वाटत नाहीत. एकदा एक शेतकरी उसातून जवळजवळ धावत आले आणि दम खात म्हणाले, 'कुठल्या गटाची मोजणी हाय? नोटीस कुठंय?' आम्ही पक्ष्यांचे फोटो काढतो असे सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की यापेक्षा मोजणीदार असतो तर बरे, असे आम्हांला वाटले. त्यांची चूक नव्हती. कुंपणाकडे लेन्स वळवायची नाही हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळत आलो, पण पाठीवरच्या पिशवीने आमची ओळख काय करून दिली आहे याचा विचार केला नव्हता.

तेव्हा शोध सुरू झाला. प्रारंभी अर्थातच शब्दांत. मराठीचे प्राध्यापक दुकानात जाण्याआधी कोशात जातात. थैली, झोळी, पोतडी, बटवा, धोकटी, चंची, पडशी. एकेका पिशवीला एकेक मालक आहे: धोकटी न्हाव्याची, झोळी बैराग्याची. यांतली चंची विशेष. पान, सुपारी, चुना, कात यांना वेगवेगळे कप्पे देणारी आणि गुंडाळून कनवटीला लागणारी. वेल्क्रोच्या भिंतींची कल्पना तिच्यात आधीच आहे. आणि पडशी तर कमरेच्या दृष्टीने शहाणीच म्हणायची, कारण ती खांद्यावरून पुढे आणि मागे अशी दोहोंकडे लोंबते आणि भार वाटून घेते. आमच्या गुरुजनांची पिढी मात्र शबनम खांद्याला लावून वावरली. शबनम असल्याशिवाय माणूस कवी ठरत नसे असा एक काळ होता. तिला चेन नसे, कप्पे नसत. हात घातला की पुस्तक बाहेर. पण एका खांद्याची पिशवी असल्यामुळे ती डॉक्टरांच्या पहिल्याच अटीत बाद झाली. तीच गत बाजारात मिळणाऱ्या तिरप्या पट्ट्याच्या पिशव्यांची. त्या पाठीवरून चटकन पुढे ओढता येतात, हे खरे. परंतु तीन किलो एका खांद्यावर घेतले की पाठीचा कणा दुसरीकडे झुकतो आणि ते झुकणे सोमवारी वर्गात कळते.

छातीवर अडकवायची, वरून उघडणारी पिशवीही पाहिली. आमची लेन्स २६७ मिलिमीटर लांब, कॅमेरा ८१ मिलिमीटर जाड. जोडलेल्या अवस्थेत जवळजवळ ३५ सेंटिमीटर. शिवाय उलटा बसवलेला हूड घेर वाढवतो आणि तिवईवर बसवायचा पाया एका बाजूने बाहेर येतो. एवढे धूड छातीवर आले की पायाखालचे दिसत नाही. सपाट रस्त्यावर चालेल, बांधावर चालणार नाही. कॅमेरा आणि लेन्स सुटे करून ठेवले तर पिशवी लहान होते, पण माळावर उघड्या वाऱ्यात ते जोडायचे म्हणजे आत धूळ, आणि तोवर कापशी तार सोडून गेलेली.

मग आम्हांला अस्मिता आठवली. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, ज्या शहरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, आणि ज्या शहराच्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या शहरात कॅमेऱ्याची चामडी पिशवी होऊ नये? जवाहरनगरात एका कारागिरांकडे गेलो. त्यांनी लेन्स दोन्ही हातांनी तोलून पाहिली, आमचे भाषण पुरते ऐकून घेतले आणि म्हणाले, 'सर, करून देतो की. पर चामडं पाणी पितं. तुमची काच आत हाय. पावसाळ्यात बुरशी आली तर मला शिव्या घालशीला.' बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचे त्यांचे ज्ञान आमच्या अस्मितेपेक्षा अधिक होते. शिवाय पिशवी दीड किलोच्या आत बसणार नाही, हेही त्यांनीच सांगितले. हातचे गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसाला आम्ही काय द्यावे? चपला घेतल्या, दोन जोड.

बुरशीचा त्यांचा इशारा आमच्या जिव्हारी लागण्याचे कारण होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या दिवसांत आमची एक जुनी, लहान लेन्स जाड गाद्यांच्या पिशवीत, कपाटात पडून राहिली. ती बाहेर काढली तेव्हा काचेच्या आतल्या बाजूस कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. ओल धरलेला फोम भिंगाला जपत नाही, बुरशीला जपतो. तेव्हापासून पिशवी ही प्रवासासाठी, मुक्कामासाठी नव्हे, असा नियम झाला. घरी आल्यावर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि पिशवी उघडी करून पंख्याखाली.

याच काळात घरात एक गोष्ट घडत होती. ज्याची कंबर शाबूत त्याने सगळे ओझे घ्यावे, दुसऱ्याने मोकळे चालावे, हा सरळ तोडगा निघाला होता आणि तो अमान्य झाला होता. 'मला हमाल नको' असे शब्द उच्चारले गेले. त्यात तथ्यही होते. पक्षी दिसल्यावर आधी माणसाला हाक मारायची, त्याने पिशवी उतरवायची, चेन ओढायची, लेन्स हातात द्यायची, एवढा वेळ कोणताही पक्षी देत नाही. जे टिपणार त्याच्याच अंगावर भार हवा. पण खरे कारण वेगळे होते, ते दोघांनाही ठाऊक होते आणि कोणी उच्चारले नाही. पंचेचाळिशीत एकदा दुसऱ्याच्या पाठीवर ओझे टाकले की ते पुन्हा आपल्या पाठीवर येत नाही. एका रविवारी एकच माणूस माळावर गेले, एक घरी राहिले. गेलेल्या माणसाला त्या दिवशी माळटिटवीची पिल्ले मिळाली, उत्तम उजेडात. ती छायाचित्रे तीन आठवडे कार्डातच राहिली.

शेवटी आम्ही गांधीनगरला गेलो. मुडशिंगीहून ते जवळच. आज तिथे कापडाचा घाऊक बाजार आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथेच, वळिवड्याच्या छावणीत, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आणि ते गेल्यावर फाळणीत सारे सोडून आलेली सिंधी कुटुंबे आली. जेवढे वाहून नेता येईल तेवढ्यानिशी आलेल्या माणसांच्या या जागेवर आम्ही १ किलो ८४० ग्रॅमची चिंता घेऊन फिरत होतो, याची थोडी लाजही वाटली. एका दुकानात गिर्यारोहणाची साधी पिशवी मिळाली: तीस लिटरची, शेवाळी रंगाची, ९५० ग्रॅम, आणि मुख्य म्हणजे कमरेला रुंद पट्टा असलेली. हा पट्टा म्हणजे शोभा नव्हे. तो नितंबांच्या हाडावर घट्ट बसला की बहुतेक भार खांद्यांवरून उतरतो आणि पायांकडे जातो. मणक्यावर फार थोडा राहतो. दुकानदाराने पट्टा बांधण्याऐवजी कापून टाकण्याची तयारी दर्शवली होती, कारण 'कोन बांधता नहीं साहब'.

परंतु ती वरून उघडणारी होती, म्हणजे दर वेळी उतरवून जमिनीवर ठेवणे आले आणि वाकणे आले. इथे उद्यमनगरातल्या एका कुशनवाल्याची बुद्धी कामास आली. हा गृहस्थ मोटरसायकलींच्या सीटा शिवतो. त्याने पिशवी उलटसुलट पाहून पाठीला टेकणारी बाजू तीन अंगांनी उसवली आणि तिथे जाड दातांची चेन लावली. पट्ट्यांच्या मूळ शिवणीला मात्र हात लावायला त्याने नकार दिला: 'ती कंपनीची शिवण हाय, ती ऱ्हाऊ दे.' आतमध्ये योगासनांच्या चटईचा घट्ट फोम कापून, वर सुती अस्तर लावून, लेन्सच्या आकाराचा खण केला. पायासाठी एका बाजूला खाच ठेवली. फोम २५० ग्रॅम. आता खांद्याचे पट्टे सोडायचे, कमरेचा पट्टा तसाच ठेवून पिशवी गरकन पुढे फिरवायची आणि पोटासमोर फळीसारखी आडवी धरून चेन उघडायची. वाकणे नाही, चिखल नाही. लेन्स बाहेर काढताना कॅमेऱ्याला नव्हे, लेन्सच्या पायाला धरायचे, म्हणजे जोडावर ताण येत नाही. हे आम्ही कागदावर लिहून खणात चिकटवले आहे, कारण घाईत आम्ही दोघेही विसरतो.

लेन्स, कॅमेरा, पिशवी, फोम आणि अर्धा लिटर पाणी मिळून ४ किलो ८६० ग्रॅम झाले. उरलेल्या १४० ग्रॅममध्ये वही आणि पेन्सिल.

पहिल्या रविवारी आम्ही दोघे निघालो. ज्याची चकती त्याच्याच पाठीवर पिशवी. उसाच्या कडेला, विजेच्या तारेवर कापशी बसली होती, छातीवर ऊन घेत. पिशवी फिरली, चेन उघडली, आवाज थोडा झाला, पण ती उडाली नाही. एवढ्यात बांधावरून एक आजी आल्या. वैरणीचा भारा खाली ठेवून उसंत खात बसल्या होत्या बहुधा. आम्हांला पाहून उठल्या.

'मोजाय आलाय व्हय?' म्हणाल्या.

'नाही हो आजी, पाखरं बघायला.'

त्यांनी कमरेच्या पट्ट्याकडे, छातीच्या पट्ट्याकडे, खांद्यांच्या पट्ट्यांकडे क्रमाने पाहिले. 'किती वजन हाय?'

'पाच किलो.'

'आणि त्येला एवढं पट्टं?' त्या मनापासून हसल्या. मग भाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'जरा हात लावा बघू.'

आमच्यातले एक माणूस पट्टे सोडू लागले, त्याला दुसऱ्याने डोळ्यांनीच थांबवले आणि पुढे होऊन भारा आजींच्या डोक्यावर दिला. वजन किती होते कोण जाणे, पाच किलोंच्या पाचपट तरी असावे. त्या वाटेला लागल्या. आम्ही वर पाहिले तेव्हा तार रिकामी होती, आणि वहीत त्या दिवसाची नोंद आहे ती एवढीच: कापशी, १, फोटो नाही.