सोबत

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे मी नियमाआधी शब्दावर अडतो. २०२० साली करोनाची साथ आली आणि देशोदेशींच्या कित्येक रुग्णालयांत आजारी मुलाची आई ‘भेटायला येणाऱ्यां’त मोजली गेली. पुष्कळ ठिकाणी आईबापांपैकी एकालाच आत सोडत.

विषाणूने मुलांना मोठ्यांच्या मानाने सांभाळून घेतले, हे खरे. पण दुसऱ्याच एखाद्या दुखण्याने खाटेवर पडलेल्या पोराचे काय? भावंडे, आजी-आजोबा दाराबाहेर राहिले, खेळायची खोली बंद झाली आणि परिचारिकेचे हसू मुखपट्टीआड गेले.

ब्रिटनमध्ये हे दार मोठ्या कष्टाने उघडले होते. रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे हाल जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली चित्रपटातून दाखवले. १९५९ साली प्लॅट समितीने आईबापांना केव्हाही येऊ द्यावे, असे सुचवले. साथीने तेच दार पुन्हा निम्मे लोटले.

संसर्ग रोखणे भागच होते. पण भेटायला येतो तो पाहुणा. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढते तिला आपण ‘सोबत’ म्हणतो. मुलाच्या बाबतीत सोबत हा औषधोपचाराचाच भाग आहे. पुढच्या साथीचे नियम लिहिणाऱ्यांनी आधी हा एक शब्द लिहून ठेवावा.