तितराचा प्रश्न

काशीच्या ब्रह्माघाटाजवळ काही जुनी मराठी घरे अद्याप नांदती आहेत. त्यांतल्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या तळाशी, खाकी कापडाच्या पिशवीत एक दुनळी बंदूक कित्येक वर्षे पडून होती. घराचे मालक निवृत्त संस्कृत अध्यापक. वय ऐंशीच्या घरात. बंदूक वडिलांची. वडील पाटबंधारे खात्यात नोकरीला होते आणि रविवारी तितरांच्या शिकारीला जात. ते १९७४ साली गेले. त्यानंतर परवाना मुलाच्या नावावर झाला. पण बंदूक काही उडाली नाही. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. एवढाच तिचा प्रवास.

ती बाराबोर होती. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यांतल्या एका गोळ्याचा जो व्यास, तोच नळीचा. म्हणून हे नाव. नळ्या दमास्कस पद्धतीच्या. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून एकजीव केलेल्या. तेलाचा हात फिरवला की त्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. पुढच्या जोरकस धूरविरहित दारूचा दाब त्यांना सोसेलच अशी खात्री नसे. गंगेपलीकडे रामनगरच्या किल्ल्यात, सरस्वती भवन संग्रहालयात, काशीनरेशांच्या पालख्या, जुन्या मोटारी, तलवारी आणि बंदुका मांडलेल्या आहेत. राजाची बंदूक काचेआड गेली की इतिहास होते. सामान्य माणसाच्या बंदुकीला मात्र काचेआड जागा नसते. तिला वारस लागतो.

विलायतेत ज्या फेझंट पक्ष्यांची शिकार चालते, ते हजारोंच्या संख्येने पाळून रानात सोडलेले असतात. काशीच्या सपाटीवर फेझंट नाही. पण त्याच्याच कुळातले तितर, लावे आणि मोर आहेत. त्यातला काळा तितर नदीकाठच्या झाऊच्या झुडपांत आणि उंच गवतात राहतो. पहाटे तो ओरडू लागला की भाविकाला त्यात ‘सुभान तेरी कुदरत’ ऐकू येते आणि भाजीवाल्याला ‘लहसुन, प्याज, अदरक’, असे त्या मुलखात गमतीने सांगतात. ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानात.

वडिलांबरोबर मोती नावाचा पॉइंटर कुत्रा असे, आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मोती वाऱ्यावर नाक धरून गवतातून पुढे जाई आणि एकाएकी थबके. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, सारे अंग जणू दगडात कोरलेले. पक्षी तिथे आहे, एवढेच त्याने सांगायचे. झडप घालायची नाही. शतकानुशतकांच्या निवडीने माणसाने कुत्र्याच्या झडपेतून तो क्षण वेगळा काढला आणि लांबवला. मग वडिलांची खूण होई. मुलगा पुढे जाऊन काठीने गवत हलवी. पंखांचा फडफडाट, एक बार, कधी दोन. पुढचे काम पुन्हा मोतीचे.

पक्षी घरी शिजत नसत. ते वडिलांच्या एका मित्राकडे जात. आजी मुलाला घाटावर स्नान केल्यावाचून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे. तिने कधी काही विचारले नाही. गंगेने काय धुतले आणि काय नाही, हा हिशेबही तिने मांडला नाही.

तेव्हा या शिकारीला कायद्याची आडकाठी नव्हती. १९१२च्या कायद्याने बंदीचा हंगाम तेवढा ठरवता येई. १९५७ साली चकियाजवळच्या रानात, जिथे काशीनरेशांची शिकार चाले तिथेच, चंद्रप्रभा अभयारण्य झाले आणि गीरचे सिंह आणून सोडण्यात आले. ते वाढले, आणि पुढच्या दशकात नाहीसेही झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला; १९९१च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे उरलेसुरले दारही बंद झाले. अध्यापकांना त्याचे दुःख झाले नाही. त्यांना वाटले, आता तो विषय संपला.

विषय उघडला तो नातवाने. कपाट आवरताना त्याने पिशवी ओढून काढली आणि विचारले, “आजोबा, तुम्ही कधी पक्षी मारलात?”

“नाही रे. मी ही बंदूक कधी उडवली नाही.”

उत्तरातले दुसरे वाक्य खरे होते.

सारनाथ तिथून दहा-बारा किलोमीटरवर. तिथल्या मृगदावाची कथाच एका शिकारी राजाने हरणांना दिलेल्या अभयाची आहे. जातककथांतल्या कितीतरी कथा ब्रह्मदत्त राजाच्या वाराणसीत घडतात. त्यांपैकी तित्तिर जातक अध्यापकांनी वर्गात अनेकदा शिकवले होते. पारध्याने पाळलेला तितर ओरडतो; त्याच्या हाकेने जातभाई येतात आणि मारले जातात. तो गप्प बसला, तर पारधी बांबूच्या काठीने बडवतो. पारधी झोपलेला पाहून तितर एका तपस्व्याला विचारतो, हे पाप माझे काय? तपस्वी सांगतो, मनात दुष्ट हेतू नसेल तर दोष चिकटत नाही. वर्गात अध्यापक इथे हेतू आणि कृती यांवर सविस्तर बोलत. मुले लिहून घेत.

आता त्यांना त्या उत्तराने समाधान होईना. तितराला काठीचा मार होता. त्यांना कुणी मारले नव्हते. ते सोमवारपासून रविवारची वाट पाहत. आणि एका रविवारी मोतीने आणलेला तितर जिवंत होता. त्याचे ऊन अंग मुलाच्या तळहातात धडधडत होते. वडील हळू आवाजात म्हणाले, “आवळ मान. तडफडत ठेवू नये.” मुलाने आवळली. ती दया होती, असे साठ वर्षे म्हणता आले होते. पण दयेची वेळ ज्यांनी आणली, त्यांत गवत हलवणारी काठीही होती.

परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत आली तेव्हा त्यांनी अर्ज केला नाही. बंदूक सरकारजमा करायचे ठरवले. भिंतीवर लावू या, असे मुलगा म्हणत होता, त्याला त्यांनी एवढेच सांगितले, “शोभेची वस्तू नाही ती.” ठाण्यात जायच्या सकाळी नातू पिशवी धरायला बरोबर आला. घाटाच्या पायऱ्यांवर ते दम खायला बसले. समोर पलीकडची वाळू उन्हात उजळू लागली होती.

“त्या दिवशी मी तुला अर्धेच सांगितले,” ते म्हणाले. आणि मग मोती, काठी, तळहात, सगळे सांगितले. तपस्व्याचे उत्तर मात्र सांगितले नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “तेव्हा ते पाखरू काय करत होतं?”

“बघत होतं,” अध्यापक म्हणाले. “माझ्याकडे.”

मग ते उठले. पिशवीचे एक टोक नातवाने धरले, दुसरे त्यांनी.