तालमीच्या तारखा

“ताई, मालिका घेऊ का?” एकांकिका स्पर्धांमधून नुकती बाहेर पडलेली मुलगी भेटली की हा प्रश्न येतोच. घे, असंच मी सांगते. मुंबईतलं घरभाडं प्रायोगिक नाटकावर भागत नाही. नाईटचं, म्हणजे प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट कधी मिळतं, कधी जाण्यायेण्याचा खर्च सुटला तरी पुष्कळ. डबिंग, जाहिराती, मालिकेतली वहिनी, उन्हाळी शिबिरं हे आम्ही सगळ्याच करतो आणि त्यात काही कमीपणा नाही. पण मी तिला लगेच उलट विचारते, तालमीला किती दिवस काढशील? कारण प्रायोगिक रंगभूमी आणि स्वतंत्र सिनेमा यांत वावरणाऱ्या नटीची खरी कमाई तालमीत होते.

सुलभाताई देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत होत्या. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात त्यांनी लीला बेणारे उभी केली, तीही शिक्षिकाच. १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी त्याच नाटकावर सिनेमा केला, तेव्हाही बेणारे त्याच होत्या. त्याच वर्षी अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली. नोकरी, नाटक, सिनेमा, संस्था, सगळं एकाच वेळी चाललेलं. बेणारे कॅमेऱ्यासमोर आली ती किती तालमी आणि प्रयोग पचवून, याचा विचार मी फार करते.

रंगमंचावरून सिनेमात येणाऱ्या नटीला ‘अभिनय कमी कर’ असं सांगतात. मला हा सल्ला अपुरा वाटतो. आवाज कमी करायचा असतो, आतली धग तेवढीच लागते. सिंक साउंडवर, म्हणजे चित्रीकरणातच आवाज मुद्रित होत असताना, काम करताना हे नीट कळतं. लेपल माइक ब्लाउजच्या आत टेपने चिकटवलेला असतो. खळ घातलेली सुती साडी असेल तर पदर हलला तरी खरखर येते, म्हणून ती आधी धुऊन मऊ करून घ्यायची. बांगड्या एकमेकींना चिकटवायच्या, पंखा बंद, फ्रीज बंद. त्या कोंदट स्वयंपाकघरात भाजी चिरत नवऱ्याशी बोलायचं. सुरी शब्दावर पडली तर शब्द गेला, नवऱ्याच्या वाक्यावर पडली तर त्याचा गेला. मग वाक्यांच्या फटीत चिरायचं, तेही प्रत्येक टेकला त्याच जागी. तालीम झाली नसेल तर नटी फक्त सुरीचा हिशेब ठेवते. झाली असेल तर हात आपोआप थांबतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, नवऱ्याचं बोलणं बाईला लागलं. साउंडची अडचण अशी भूमिकेच्या कामी येते, याचा आनंद मला आजही होतो.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहे. कोर्टात कलमं वाचते, लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. कॅमेरा लांब आणि स्थिर, क्लोजअपचा आधार जवळजवळ नाही. भोवती पूर्वी कधी अभिनय न केलेली पुष्कळ माणसं, आणि त्यांच्यात ती कुठेही उठून दिसत नाही. हीच नटी ‘पिया बहरूपिया’ या नाटकात व्हायोला होऊन गात-नाचत प्रेक्षागृह हलवते. दोन्हीमागे तिची तालीम दिसते. नव्या मुलींनी या दोन्ही भूमिका लागोपाठ पाहाव्यात, असा माझा आग्रह असतो.

छोट्या सिनेमांची बजेटं मी पाहिली आहेत. कॅमेऱ्याचं भाडं, लोकेशन, जेवण, फेस्टिव्हलची प्रवेश फी, सगळ्याला एकेक रकाना असतो. तालमीला नसतो. हल्ली करार करताना मी तो रकाना घालायला सांगते, रक्कम लहान असली तरी चालेल. काही दिग्दर्शक लगेच कबूल होतात. काहींकडे खरंच पैसे नसतात, पण संहिता अशी असते की नाही म्हणवत नाही. तेव्हा मी सहकलाकाराला संध्याकाळी घरी बोलावते आणि स्वयंपाकघरातच सीन बसवायला घेते. पण नव्या मुलींनी पहिल्याच सिनेमापासून तालमीचे पैसे मागावेत. मागणाऱ्या वाढल्या, तर निर्मात्यांना तो रकाना ठेवावाच लागेल.