सोवळे आणि हमाम

‘हमामखान्यात सारेच नागडे’ ही हिंदुस्थानी म्हण आम्ही आजवर परनिंदेसाठीच वापरीत आलो. एखाद्या मंडळातील सारे सभासद सारखेच लबाड निघाले, की आम्ही ती पुटपुटतो आणि स्वतःस त्यातून अलगद वगळतो. या म्हणीस दुसराही एक अर्थ आहे, हे कळण्यास आम्हांस पन्नाशी उलटल्यावर इस्तंबूलला जावे लागले.

तेथील चेंबर्लीताश हमाम इ. स. १५८४ मधला. सुलतान तिसरा मुराद याची आई नूरबानू हिच्या नावे तो उभा राहिला. रचना थोर स्थपती सिनान याची मानतात. स्नानाचे उत्पन्न उस्कुदार येथील तिच्या मशिदीस व तिच्याभोवतीच्या धर्मादाय संस्थांस लावून दिलेले होते. पुरुषांचा व स्त्रियांचा विभाग निरनिराळा. पडद्यात वावरणाऱ्या स्त्रियांस अशा हमामात मोकळेपणी भेटता येई. उपवर मुलींची पारखही तेथेच होई.

मांडणी मोठी विचारपूर्वक केलेली. प्रथम कपडे उतरविण्याचे दालन, मग कोमट, मग उष्ण. देहास एकाएकी धक्का बसू नये ही काळजी. जुन्या हमामांत भट्टीची धग फरशीखालच्या पोकळीतून फिरे. त्या पोकळीस तुर्कांनी ‘जहन्नम’वरूनच नाव दिले आहे. माथ्यावर घुमट व त्यात बसविलेल्या गोल काचा. त्यांस ‘हत्तीचे डोळे’ म्हणतात. मधोमध संगमरवरी ओटा. त्यावर, कमरेस चौकड्यांचा पंचा गुंडाळून, आम्ही आडवे झालो.

आम्ही ज्या घरात वाढलो, तेथे स्नान म्हणजे इतरांपासून दूर होण्याचा विधी होता. लहानपणी एकदा, तापातून उठल्यावर, आम्ही धावत जाऊन सोवळ्यातल्या आजीला मिठी मारली. तिने आमच्या कपाळावर हात ठेवला, डोळे पुसले आणि ती पुन्हा न्हाणीघराकडे वळली. तिची माया खोटी नव्हती. पण आम्ही शिवलो होतो, हेही तितकेच खरे होते.

येथे एक वृद्ध सेवक खरखरीत हातमोज्याने आमचे अंग घाशीत होता. निघालेला मळ आम्हांस दाखवून तो निर्व्याज हसला. आमच्या पदव्या बाहेर खुंटीवर होत्या. शेजारी पहुडलेला गृहस्थ न्यायाधीश की हमाल, हे सांगण्यास काहीच साधन नव्हते.

हमाम म्हणजे समतेचे मंदिर, असे म्हणण्याचा भाबडेपणा मात्र आम्ही करणार नाही. इ. स. ९९६ ते १०२१ या काळात कैरोस राज्य करणारा खलीफा अल्-हाकिम याने स्नानगृहातही ख्रिस्ती लोकांस क्रूस व यहुद्यांस घंटा गळ्यात बाळगण्याची सक्ती केली होती. आम्हांस या फर्मानातच हमामाची थोरवी दिसते. उघड्या देहावर भेदाची खूण सापडेना, म्हणून तर ती बाहेरून अडकवावी लागली!

स्नान आटोपले. त्या वृद्धाने हात देऊन आम्हांस उठविले; आणि त्या क्षणी ‘हा कोण असेल? कुठल्या कुळातला?’ हा प्रश्न आमच्या मनात आलाच. आमच्या घरातून सोवळे जाऊन कैक वर्षे झाली. आम्ही सुधारलो, अशी आमची समजूत होती. पण ती घंटा आम्ही सातासमुद्रापलीकडे सोबत नेली होती, आणि ती त्या वाफेतही वाजली.