साबणाच्या फेसाविषयी

झाशी

चि. बाळ यास,


तुझं पत्र पोचलं. साबणाच्या जाहिरातीत असिस्टंट म्हणून दिवसभर फेस फेटत बसलो, यासाठी झाशी सोडली का, असं तू विचारतोस. यासाठीच सोडलीस, असं माझं उत्तर आहे. मी ज्या धंद्यात केस पांढरे केले त्याचीच गोष्ट निघाली आहे, तर सविस्तर लिहिते.

चित्रपटाला पैसा लागतो हे गल्लीतलं पोरही सांगेल. पण पहिल्या चित्रपटाच्या आधीच्या रिकाम्या वर्षांचं घरभाडं कोण भरतं, हे कुणी सांगत नाही. श्याम बेनेगल १९५९ साली लिंटास या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर म्हणून लागले. 'अंकुर' आला १९७४ मध्ये, त्यांनी चाळिशी गाठली तेव्हा. मधली सगळी वर्षं जाहिरातपट आणि माहितीपट. 'अंकुर'ची कथा जवळ होती, पैसे लावणारा मिळत नव्हता. शेवटी पैसे लावले ते ब्लेझने, म्हणजे चित्रपटगृहांना जाहिरातपट पुरवणाऱ्या कंपनीने! पुढे 'निशांत' आणि 'मंथन'च्या पटकथा तेंडुलकरांनी लिहिल्या, हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून 'भूमिका' झाला, हे तू जाणतोसच. तू ज्याला चिखल म्हणतोस त्या जाहिरातीच्या दुनियेनेच त्या माणसाला उभं केलं.

पुण्याची गौरी शिंदे घे. कितीतरी वर्षं तिने जाहिराती केल्या. २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश' आला. तिची आई घरून लोणच्यांचा व्यवसाय करायची, इंग्रजी फारसं यायचं नाही, आणि लहानपणी आपल्याला त्याची लाज वाटायची, हे गौरीने जाहीरपणे सांगितलं आहे. ती लाज तिने इतकी वर्षं जपून ठेवली, कुठल्याही मसाल्याच्या जाहिरातीत खर्च केली नाही. हे मला फार मोठं वाटतं.

जाहिरातींवाचूनही चित्रपट होतो, म्हणून चैतन्य ताम्हाणेचं उदाहरण तू दिलंस. खरं आहे, पण 'कोर्ट' लिहिताना त्याचा महिन्याचा खर्च विवेक गोम्बरने उचलला होता. तोच निर्माता झाला, त्यानेच त्यात बचावाच्या वकिलाची भूमिका केली, आणि २०१४ मध्ये व्हेनिसला चित्रपटाने दोन पुरस्कार मिळवले. असा मित्र सगळ्यांच्या नशिबी नसतो. तुझा विवेक गोम्बर सध्या तो साबण आहे.

आणि नुसते पैसेच मिळतात असं नाही. चहाची वाफ कधी टिपली आहेस? समोरून कितीही उजेड टाक, दिसायची नाही. दिवा कपाच्या मागे ठेवावा लागतो, त्याच्याही मागे काळोख लागतो, मग वाफेचा धागा न् धागा उमटतो. हे मी एका चहाच्या जाहिरातीत शिकले. क्लायंट मॉनिटरला नाक लावून बसला होता, छायाचित्रकार वैतागला होता, आणि एक म्हातारा लाइटमन न बोलता उठला, दिवा मागे सरकवून आला. तीस सेकंदांत पंचवीसच्या हिशेबाने साडेसातशे फ्रेम असतात. त्यातली एक वाया गेली तर कळण्याइतकी नजर या धंद्याने मला दिली.

आता जपायचं काय, तेही सांगते. जाहिरातीत शेवटचा शब्द क्लायंटचा. हो ला हो म्हणण्याची सवय हाडात मुरते. पैसे वाढले की घर मोठं होतं, गाडीचा हप्ता सुरू होतो, मग काम सोडता येत नाही. माझ्या बरोबरीची फार गुणी माणसं अशी अडकलेली मी पाहिली आहेत, आणि ते आठवलं की आजही जीव तुटतो. तू राहणीमान वाढवू नकोस. प्रत्येक कामातला ठरलेला वाटा बाजूला काढ आणि सकाळचा तासभर स्वतःच्या कागदाला दे.

झाशीच्या राणीवर चित्रपट करायचा म्हणतोस. सोहराब मोदींनी १९५३ मध्ये केला. टेक्निकलर, हॉलिवूडहून आणलेले छायाचित्रकार अर्नेस्ट हॅलर, राणीच्या भूमिकेत मेहताब. तरी तो चालला नाही आणि मोदींना जबर फटका बसला. घोडे आणि तोफा तुझ्या आवाक्यातल्या नाहीत, आणि मला विचारशील तर त्यांची गरजही नाही. १८५८ च्या वेढ्यात इथे अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' पुन्हा वाच. तो भिक्षुक लढत नाही, जे दिसतं ते सांगतो, म्हणून अंगावर येतो. वेढा संपल्यावर जी मराठी घरं इथेच राहिली, त्यांचं पुढे काय झालं? ते मी तरी पडद्यावर पाहिलेलं नाही. तुझी आजी माणिक चौकात भाव बुंदेलीत करायची आणि सुटे पैसे मराठीत मोजायची. भाजीवाला तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, आकडा कळेपर्यंत. त्या दोघांच्या मधे एक अख्खा चित्रपट आहे, आणि तो आपल्या वाड्यात, दोन खोल्यांत, तुझ्या साठवलेल्या पैशांत होईल.

दिवाळीला येशील तेव्हा पहिली दहा पानं लिहून आण. माडीवर दुपारी उजेड किती वेळ टिकतो, ते तोवर मी बघून ठेवते. दादाजवळ नोकरी सोडण्याचा विषय मात्र एवढ्यात काढू नकोस.

तुझी,
आत्या