१९.५ चा अलार्म

डिस्टिलरीत सुरक्षेचं काम बघताना बराच काळ माझं ठाम मत होतं, की डिटेक्टरवरचा ऑक्सिजनचा अलार्म उगीचच फार लवकर वाजतो. चार गॅस मोजणाऱ्या यंत्रावर तो बहुधा १९.५ टक्क्यांवर लावलेला असतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९. म्हणजे जेमतेम दीड टक्का कमी झाला की यंत्र वाजणार, फर्मेंटर धुणारी माणसं शिडीवरून वर येणार, काम थांबणार. मी म्हणायचो, लेहला माणसं याहून विरळ हवेत जन्मभर राहतात. अलार्म १८ वर आणा. सारखं वाजणारं यंत्र माणसं बंद करून ठेवतात, हाही माझा मुद्दा असे, आणि तो खोटा नव्हता. पण खरं सांगायचं तर मला हंगामाची घाई होती. त्या घाईला मी शास्त्राचा आधार शोधत होतो.

माझं मत कुठल्या अपघाताने बदललं नाही. पातळी बदलायची तर कारण लिहून द्या, असं इन्स्ट्रुमेंट विभागातल्या मॅडमनी सांगितलं. मी लेहचं लिहिलं. त्यांनी कागद वाचून शांतपणे विचारलं, "सर, लेहला ऑक्सिजन किती टक्के असतो?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडलो. टक्के तिथेही २०.९च. तिथे दाब कमी असतो, सगळीच हवा विरळ असते. तिच्यात दुसरं काही घुसलेलं नसतं. टाकीत मात्र ऑक्सिजन कमी दिसतो, तेव्हा त्याची जागा कशाने तरी घेतलेली असते. कशाने, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

तिथेच बसून हिशेब मांडला. २०.९ चे १९.५ होतात, तेव्हा हवेत जवळपास ६.७ टक्के दुसरा वायू आलेला असतो. मळी आंबताना यीस्टमुळे कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा. तो ४ टक्क्यांवर गेला की जिवाला तत्काळ धोका मानतात. त्या वेळी ऑक्सिजन अजून २० च्या आसपास असतो आणि अलार्म वाजलेलाही नसतो. आमच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नव्हता. मी मागत होतो त्या १८ वर हा वायू १४ टक्क्यांच्या घरात जातो. तिथे माणसाची शुद्ध मिनिटाभरात हरपू शकते.

शाळेतल्या मुलाला जमेल असा भागाकार. मी तो केला नाही, कारण मला हवं ते उत्तर आधीच मिळालं होतं. आत उतरणारा मी नव्हतो.

आता कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र असल्याशिवाय मी फर्मेंटरच्या परमिटवर सही करत नाही. त्याचा पहिला अलार्म अर्ध्या टक्क्यावर आहे. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासतो. ऑक्सिजन २०.४ दिसला, तरी ब्लोअर चालूच ठेवायला सांगतो.

माणसं यंत्र बंद करतील ही भीती अजून आहेच. म्हणून सध्या मी कंत्राटदाराच्या मागे लागलो आहे: अलार्म वाजला म्हणून वर आलेल्या माणसाची हजेरी कापली जाणार नाही, हे त्याने लिहून द्यावं.